जिन्यात ठरवता येतील असे शब्दांचे खेळ : प्रकल्पाच्या नोंदी

३ जुलै

सुरुवात केली एकदाची. नोंदी ठेवायचं कारण एवढंच की गेल्या वर्षी पण असंच जोरात सुरू केलेलं आणि महिन्याभराने काय चाललं, काय फसलं काहीच सांगता येईना. फक्त "मुलांना मजा आली" एवढं लक्षात होतं, आणि मजा काय, तास ऑफ गेला तरी येतेच त्यांना.

वर्ग सातवीचा, ४२ मुलं, विषय मराठी, तास ३५ मिनिटांचा. सध्या शब्द कसे शिकवतो आपण? पाठाखालचे शब्दार्थ फळ्यावर, मुलं वहीत उतरवणार, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकणार, पेपर दिला की विसरणार. मी स्वतः अशीच शिकले त्यामुळे तक्रार कुणाकडे करू.

नियम असे ठरवलेत. तयारी शून्य, वर्गाकडे जाताना जिना चढेपर्यंत ठरवता येईल एवढीच. लॅमिनेट केलेली कार्डं नाहीत, प्रोजेक्टर नाही, रात्री जागून कापाकापी नाही (ती पण करून झालीये, कार्डं तीन तासात फाटतात). सामान म्हणजे फळा, खडू, वहीचं शेवटचं पान, पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक बुटांचा रिकामा खोका. खेळ १० मिनिटांच्या वर गेला की थांबवायचा, पोर्शन पण संपवायचाय. आणि मोजायचं असं की आठवड्याने न सांगता तोच शब्द विचारायचा, आला तर आला.

५ जुलै

शब्द कुठले घ्यायचे यातच अख्खा फ्री तास गेला. म्हणजे तयारी शून्य वगैरे खेळापुरतं, निवड मात्र बसूनच करावी लागते असं दिसतंय.

पाठाखाली १८ शब्द दिलेत. त्यात गलबत, शीड, डोलकाठी असे पाच-सहा फक्त त्या पाठापुरते, पुन्हा वर्षभर भेटणार नाहीत, ते वाचताना सांगून टाकले की झालं. वाचनावर काम केलेल्या इसाबेल बेक आणि मार्गारेट मॅकोन या दोघींनी शब्दांचे तीन थर मांडलेत ते इथे कामाला आलं: एक रोजच्या बोलण्यातले जे शिकवावे लागत नाहीत, एक त्या त्या विषयातले, आणि एक मधला थर, जे कुठल्याही विषयाच्या पुस्तकात भेटतात पण मुलांच्या तोंडात नसतात. जोर या मधल्यावर लावायचा. मग माझ्या यादीत उरले ते असे: अलिप्त, तडजोड, हेकेखोर, निमूट, ओथंबणे, कणव. आठवड्याला सहाच. अठरा घेतले तर एकही राहत नाही हा माझा नऊ वर्षांचा अनुभव आहे.

६ जुलै

पहिला खेळ, पुसत जाणारा फळा. सहा नवे आणि चार जुने शब्द फळ्यावर लिहिले, सगळ्यांनी एकदा वाचले, मग एक पुसला, पुन्हा सगळे म्हणा, पुसलेल्या जागेवर बोट ठेवलं की तो पण म्हणायचा. मग दुसरा पुसला, तिसरा. शेवटी रिकाम्या फळ्याकडे बघत पोरं दहाच्या दहा शब्द धडाधड म्हणत होती, मागच्या बाकावरचे सुद्धा. सात मिनिटं. मी एकदम खूश.

तास संपल्यावर दारात एकाला सहज विचारलं, निमूट म्हणजे काय रे? तो म्हणाला, "वरून तिसरा, बाई."

७ जुलै

कालचाच खेळ, बदल करून. शब्द लिहिला की त्याच्या बाजूला एक छोटी खूण काढायची, ओथंबणेला थेंब, निमूटला ओठांवर बोट (माझी चित्रकला बघून वर्ग निमूट राहिला नाही). शब्द पुसायचा, खूण ठेवायची. आणि पुसलेला शब्द नुसता म्हणायचा नाही, त्याच्याबद्दल काहीतरी सांगायचं. वेग कमी झाला, गंमत पण थोडी कमी झाली. पण आज दारात ज्याला विचारलं त्याने सांगितलं, "बोलणी खाताना मान खाली घालून उभं राहतो ना तसं."

११ जुलै

पाठमोरा. हे नाव मुलांनीच दिलं. एक जण फळ्याकडे पाठ करून खुर्चीत, मी त्याच्या मागे शब्द लिहिते, वर्गाने तो शब्द न उच्चारता समजावून सांगायचा, त्याने ओळखायचा. नियम एकच, त्या शब्दाचा तुकडासुद्धा तोंडातून आला तर बाद.

शब्द होता हेकेखोर. पहिली म्हणाली, "जो हट्टी असतो." खुर्चीतला, "हट्टी?" नाही. दुसरा, "हट्टीच, पण मोठ्ठा." "खूप हट्टी?" नाही. मग एक मुलगी, जी एरवी तासाला तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "लहान बाळ हट्टी असतं, ते चालतं. हा मोठा झाला तरी माझंच खरं म्हणतो आणि त्याला सांगायला गेलं की अजूनच करतो." खुर्चीतल्याने लगेच ओळखलं. शब्दकोशात यापेक्षा बरी व्याख्या असेल असं मला वाटत नाही. आपण हट्टी आणि हेकेखोर समानार्थी म्हणून एका ओळीत लिहून मोकळे होतो आणि मुलं बिचारी त्यातला फरक स्वतः शोधून काढतात.

अडचण मात्र आवाजाची. ४१ मुलं एकाच वेळी सांगायला लागली की काय होतं ते सांगायला नको. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले, ते जास्त लागलं.

१२ जुलै

पाठमोरा जोड्यांमध्ये. बाकावरच्या दोघांपैकी एकाने फळ्याकडे पाठ करायची, दुसऱ्याने कुजबुजत सांगायचं, ओळखलं की अदलाबदल. कालच्यापेक्षा पुष्कळ शांत, आणि मुख्य म्हणजे काल एकच मुलगा ओळखत होता आणि सहा-सात जण सांगत होते, बाकीचे प्रेक्षक. आज एकवीसच्या एकवीस खुर्च्या चालू. खेळ बघताना भारी दिसतो तो आणि ज्यात सगळी डोकी चालतात तो, हे दोन वेगळे असू शकतात हे लिहून ठेवते कारण मी परत विसरणार.

१४ जुलै

पहिली आठवडी तपासणी. वहीच्या शेवटच्या पानावर, फळा कोरा, "गेल्या आठवड्यातले आठवतील ते शब्द लिहा आणि समोर काहीही लिहा ज्यावरून मला कळेल की तुम्हाला तो समजलाय." सहापैकी बहुतेकांना तीन-चार. हेकेखोर जवळपास सगळ्यांना, अलिप्त जवळपास कुणालाच नाही. अलिप्त मी फक्त फळ्यावर म्हणवून घेतलेला, पाठमोऱ्यात खेळवलेला नाही. ठीकच आहे मग.

या तपासणीला मार्क नाहीत हे तीनदा सांगावं लागलं तरी दोघी वही हाताने झाकूनच लिहीत होत्या.

१८ जुलै

आज फसलं, आणि चूक माझी. विरुद्धार्थी शब्द जोडीने शिकवायची सवय आहे आपल्याला, तसे शुक्रवारी मी अनुकूल आणि प्रतिकूल एकत्र दिले होते. आज विचारलं तर अर्ध्या वर्गाने उलटेसुलटे सांगितले. "प्रतिकूल हवा म्हणजे छान हवा." एकाचं तर म्हणणं असं की दोन्हीत कूल आहे म्हणजे दोन्ही छानच असणार, मग भांडण कशाला.

मागे कुठेतरी वाचलेलं पुन्हा शोधून काढलं. १९९३ मध्ये टिंकहॅम आणि १९९७ मध्ये वेअरिंग, दोघांनीही हेच तपासलं होतं की एकाच गटातले नवे शब्द (सगळे कपडे, सगळी फळं असे) एकत्र शिकवले तर ते लक्षात राहायला जास्त वेळ लागतो, कारण ते एकमेकांत मिसळतात. आणि आपली पुस्तकं नेमकी तशीच रचलेली, समानार्थी एका चौकटीत, विरुद्धार्थी दुसऱ्या चौकटीत.

दुरुस्ती म्हणून कूलचा मूळ अर्थ सांगितला, संस्कृतात कूल म्हणजे काठ, किनारा. पाण्याच्या ओढीबरोबर काठाकाठाने जाणं ते अनुकूल, आणि उलट्या दिशेने जायचं म्हणजे प्रतिकूल. दोन मुलांना उभं केलं, एक वर्गाच्या मधल्या वाटेतून सरळ चालत गेला आणि दुसरा समोरून येणाऱ्या पाच जणांमधून धक्के खात. इथून पुढे एक शब्द आधी पक्का करायचा, त्याचा विरुद्धार्थी दोन आठवड्यांनी.

२१ जुलै

वाक्यात उपयोग करा. हा तर सगळ्यात जुना आणि सगळ्यात कमी तयारीचा, पण वह्या तपासताना डोक्याला हात लावला. "तो अलिप्त आहे." "तो हेकेखोर आहे." "तो निमूट आहे." एकच साचा, शब्द बदलला की झालं वाक्य, अर्थ कळलाय की नाही देव जाणे. चुकीचं पण म्हणता येत नाही ना.

२४ जुलै

म्हणून आज अट घातली, वाक्यात "कारण", "पण" किंवा "तरी" आलंच पाहिजे. एवढ्याने फार फरक पडला. "तो अलिप्त आहे" लिहिणाऱ्यानेच लिहिलं, "सगळे भांडत होते तरी तो अलिप्त राहिला कारण त्याला दोघांशी पण मैत्री ठेवायची होती." आणि ज्यांना अर्थ कळलेला नाही ते "पण" पाशी येऊन अडकतात, पेन थांबतं, म्हणजे वह्या गोळा न करता नुसतं रांगेतून फिरलं तरी कुणाला कळलं नाही ते दिसतं. तयारी शून्य, वह्या तपासणं शून्य. हा खेळ नाही खरं तर, पण यादीत वरच्या नंबरला जाणार.

२६ जुलै

खोटी व्याख्या. एक शब्द, तीन अर्थ, दोन खोटे एक खरा, मुलांनी ओळखायचा. खोटे अर्थ मुलांनीच बनवायचे, गटात. शब्द कणव. एका गटाचा अर्थ, "कान साफ करायची बारीक काडी." काय हसली पोरं! सादर करणाऱ्याने अभिनय पण केला, डोळे मिटून मान वाकडी करून. खरा अर्थ, म्हणजे दुसऱ्याचं दुःख बघून मनात येणारी दया, ज्या गटाकडे होता त्यांनी आपला सरळ वाचून टाकला.

वर्षातला सगळ्यात भारी तास असं मुलं म्हणतायत. मला पण तसंच वाटलं. १८ मिनिटं गेली हे वेगळं.

३ ऑगस्ट

कणवचा निकाल. निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये: कान साफ करायची काडी.

म्हणजे शब्द एकदम पक्का लक्षात राहिला, चुकीच्या अर्थासकट. डोकं जे रंगवून सांगितलंय ते धरून ठेवतं, खरं-खोटं त्याला काय माहीत. आणि वर कणवमध्ये कान ऐकू येतोच म्हणजे मुलांनी काही वेडेपणा केला नाही, चांगली युक्ती केली, फक्त ती माझ्या विरुद्ध गेली. रिचर्ड अ‍ॅटकिन्सनने १९७५ च्या सुमाराला परक्या भाषेचे शब्द लक्षात ठेवायला हीच युक्ती सुचवलेली, आवाजाला जुळणारा ओळखीचा शब्द घ्या आणि त्याचं चित्र अर्थाला जोडा. आम्ही चित्र खोट्या अर्थाला जोडून बसलो.

खोटी व्याख्या बंद. किंवा ठेवायचीच तर आधी शिकून झालेल्या शब्दांवर, जिथे मुलांना खरं काय ते माहितीये.

४ ऑगस्ट

चिठ्ठ्यांचा खोका सुरू केला. आत्तापर्यंतच्या प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी, खोक्यात पुठ्ठे लावून तीन कप्पे. तासाच्या सुरुवातीला हजेरी घेता घेता पहिल्या कप्प्यातल्या तीन चिठ्ठ्या काढायच्या, रोल नंबर पुकारायचा, आला शब्द तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, नाही आला तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा आठवड्याने, तिसरा महिन्याने. कल्पना माझी नाही, सेबॅस्टियन लाइट्नरची, १९७० च्या दशकातली, त्याची एकट्याने अभ्यास करायची होती, मी वर्गाला लावली. विसरण्याचा अभ्यास तर त्याच्याही कितीतरी आधीचा, एबिंगहाउसने १८८५ मध्येच निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आपण किती लवकर विसरतो ते मोजलं होतं, सुरुवातीला भराभर आणि मग हळूहळू.

कणवची चिठ्ठी सगळ्यात वर ठेवलीये.

८ ऑगस्ट

बदली तास होता आठवीवर, हातात काहीच नाही, जिना चढताना ठरवलं. शब्दांचा अभिनय, पण दमशेराज नाही. फक्त बघण्याचे शब्द: न्याहाळणे, डोकावणे, कटाक्ष टाकणे, डोळे वटारणे, निरखणे, टक लावून बघणे. मी शब्द म्हणणार, सगळ्यांनी जागेवर बसून फक्त डोळ्यांनी आणि मानेने करायचं. वस्तू एकच, माझ्या हातातला खडू.

डोकावणे सोपं गेलं, सगळे बाकाच्या कडेवरून. न्याहाळणेला मात्र वर्ग दोन तऱ्हांचा झाला, काहींनी डोळे बारीक करून खडूवर रोखले आणि काहींनी नजर खडूच्या टोकापासून हळूहळू खालपर्यंत नेली. थांबवून विचारलं बरोबर कुणाचं. पहिल्या बाकावरची म्हणाली, "डोळे बारीक केले ते निरखणे, ती काहीतरी शोधतेय. न्याहाळताना शोधायचं नसतं, आवडतंय म्हणून बघायचं असतं." मी आयुष्यात हा फरक असा शब्दांत मांडलेला नव्हता.

हालचालीतून भाषा शिकवायची पद्धत जेम्स अ‍ॅशरने १९६० च्या दशकात मांडली, त्यात शिक्षकाने आज्ञा द्यायची आणि विद्यार्थ्याने बोलायची घाई न करता ती करून दाखवायची. क्रियापदांना झकास, पण "तडजोड" डोळ्यांनी करून दाखवता येत नाही.

१० ऑगस्ट

तडजोडसाठी चार घड्या. वहीचं पान दोनदा दुमडलं की चार चौकोन, मधे शब्द. एकात अर्थ स्वतःच्या शब्दांत, एकात ओळखायच्या खुणा, एकात उदाहरण, आणि चौथ्यात "हे नाही". डोरोथी फ्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडलेला हा तक्ता, मुळात संकल्पना शिकवण्यासाठी.

पहिले तीन चौकोन भरायला कुणाला त्रास नाही. चौथ्यावर गाडी अडते आणि तिथेच शिकणं होतं. "तडजोड हे नाही" मध्ये बहुतेकांनी भांडण लिहिलं, ते सोप्पं. एकाने माघार लिहिलं. त्यावर वाद, माघार पण तडजोडच ना बाई? मग त्यानेच सांगितलं, माघारीत एकच जण सोडतो, तडजोडीत दोघांना थोडं थोडं सोडावं लागतं. यापुढे वेळ नसेल तेव्हा चौथा चौकोन तेवढाच घेणार, बाकी तीन गेले तरी चालतील.

१७ ऑगस्ट

आज बराच वेळ हसलो. उपसर्गांचा तास. फळ्यावर बे, गैर, ना एका बाजूला, अ, निर्, दुर् दुसऱ्या बाजूला, तीन मिनिटांत बाकावरच्या जोडीने जमतील तेवढे शब्द. बेफिकीर, बेजबाबदार, गैरसमज, गैरहजर, नापसंत, नाराज, अपूर्ण, निर्भय, दुर्गुण, ठीक चाललेलं. मग एकाने गंभीर चेहऱ्याने वाचलं: बेडूक. म्हणजे? "ज्याला डूक नसतो तो." लगेच मागून, "आणि रळ नाही तो नारळ!"

त्यावर हसून पुढे जाणार होते पण तेच धरून ठेवलं, मग बेडूकमध्ये बे उपसर्ग नाही हे कशावरून ठरवायचं? उरलेला तुकडा एकटा उभा राहिला पाहिजे, हे त्यांनीच काढलं. फिकीर उभी राहते, हजर उभा राहतो, डूक नाही उभा राहत. नियम पुस्तकातून सांगितला असता तर झोपली असती. दुसरी गोष्ट पण एका मुलीच्या लक्षात आली, बे-गैर-ना बऱ्याचदा फारसी-अरबी वळणाच्या शब्दांना लागतात आणि निर्-दुर् संस्कृत शब्दांना, "निर्फिकीर असं म्हणत नाही ना कोणी". (आमच्या भाषेने मग बेसूर आणि बेताल करून दोन्ही बाजूंना हात मारलेत ते सोडा, ते तिला अकरावीत कळेल.)

१८ ऑगस्ट

कालच्याच नादात, शब्द घडवा. रोजच्या वापरातली वस्तू सांगायची, पाच मिनिटांत मराठी शब्द तयार करायचा, एकच अट, ऐकणाऱ्याला न सांगता कळला पाहिजे. रिमोटला "दूरबोट". चार्जरला "जीवक". हेडफोनला "कानगुज". दूरबोटला वर्गाने टाळ्या दिल्या आणि दोन दिवस तरी तो चालणार असं दिसतंय. दिनांक आणि महापौर हे शब्द सावरकरांनी असेच घडवून रूढ केले हे सांगितलं तर मुलांना खरंच वाटेना, त्यांना वाटलेलं दिनांक कायमचाच असणार, वहीच्या कोपऱ्यात छापून येतो की तो.

यातून यादीतला एकही शब्द शिकून झाला नाही. असू दे.

२२ ऑगस्ट

काही विशेष नाही. खोका चालू. गॅदरिंगच्या मीटिंगमुळे तास अर्धा. शब्दांच्या भेंड्या लावल्या, शेवटच्या अक्षरावरून, मुलं तेच सोपे शब्द फिरवत बसली, नवीन एक आला नाही. पुढच्या वेळी "फक्त खोक्यातले शब्द" अशी अट घालून बघेन, किंवा नाही बघणार.

२५ ऑगस्ट

शब्दांची रांग. सात चिठ्ठ्या, सात मुलं पुढे, भिंतीपासून भिंतीपर्यंत क्रमाने उभं राहायचं, बाकी वर्गाने त्यांना हलवायचं. पहिल्यांदा पाण्याचे: गार, थंडगार, कोमट, ऊन, गरम, कढत, उकळतं. पाच मिनिटांत जमलं, भांडण फक्त ऊन आणि गरमचं, आणि "ऊन पाणी" हा प्रयोगच निम्म्या मुलांनी पहिल्यांदा ऐकला.

मग शांततेचे: शांत, निवांत, सामसूम, शुकशुकाट, चिडीचूप, नीरव. इथे रांग लागेचना. पाच मिनिटं सरकासरकी झाल्यावर चिडीचूपची चिठ्ठी धरलेला मुलगा रांगेतून बाहेरच येऊन उभा राहिला. "बाई, मी यांच्यात बसतच नाही. रस्त्यावर सामसूम असते, शुकशुकाट असतो. चिडीचूप माणसं होतात, रस्ता नाही होत." मग निवांत पण निघाला, तो म्हणे माणसाच्या मनात असतो, आजूबाजूला आवाज असला तरी चालतं. शेवटी एका रांगेच्या तीन रांगा झाल्या, जागांच्या, माणसांच्या आणि मनाच्या, आणि शांत मधे उभा राहिला कारण तो तिन्हीकडे चालतो.

१८ जुलैला मी लिहिलंय की एका गटातले शब्द एकत्र नको, आणि आज नेमके तेच केलं आणि उत्तम झालं. विचार केल्यावर फरक लक्षात आला, ते शब्द नवीन होते, हे मुलांनी ऐकलेले होते. अर्धवट ओळखीच्या शब्दांना शेजारी उभं केलं की कडा स्पष्ट होतात, कोऱ्या शब्दांना केलं की एकमेकांत शिरतात. जुलैची नोंद खोडत नाही, तिच्यापुढे "नव्या शब्दांसाठी" एवढं लिहिते.

३१ ऑगस्ट

मोठी तपासणी. कोरा कागद, दहा मिनिटं, जुलैपासूनचे जेवढे आठवतील तेवढे. एकूण ३६ शब्द होते.

प्रत्येकाचे मोजत बसले नाही, शब्दांचे मोजले, कुठला शब्द किती कागदांवर आला. वर आलेले: हेकेखोर, तडजोड, न्याहाळणे (आमच्याकडे पण नंतर करून घेतलेलं), चिडीचूप, अनुकूल. तळाला: ज्यांच्यावर फक्त पुसता फळा झाला ते. म्हणजे धडाधड म्हणून दाखवलेले शब्द तळाला, आणि ज्यांच्यावरून वाद झाला किंवा जे खोक्यातून पुन्हा पुन्हा निघाले ते वर.

खोक्याचं मला आश्चर्य वाटलं, त्यात ना गंमत ना गोंधळ, रोज तीन मिनिटं हजेरीच्या वेळी, मुलं त्याला खेळ पण म्हणत नाहीत. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग आठवला, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. आम्ही वर्षानुवर्षं शब्दार्थ "पुन्हा एकदा वाचा रे" असं सांगत आलोय.

माझ्या मोजण्यात घोळ आहेच, जे शब्द मला आवडतात ते मीच जास्त वेळा वापरले असणार. त्याला काय करणार.

४ सप्टेंबर

गणिताचे सर स्टाफरूममध्ये, "तुमचं ते चिठ्ठ्यांचं काय आहे?" त्यांना परिमेय, अपरिमेय, चल, अचल यासाठी हवंय. म्हटलं परिमेय आणि अपरिमेय एकाच दिवशी देऊ नका. ते म्हणाले पुस्तकात एकाच पानावर आहेत. म्हटलं तेच तर. चौथा चौकोन पण सांगितला, "परिमेय हे नाही" मध्ये मुलं काय लिहितात ते बघा आणि मला पण सांगा. जुलैत दारात उभे राहिलेले तो विषय त्यांनी काढला नाही, मी पण नाही.

८ सप्टेंबर

पुढच्या सत्रासाठी काय ठेवायचं ते ठरवलं. खोका रोज. कारण-पण-तरी दर आठवड्याला. पाठमोरा फक्त जोड्यांत. "हे नाही" चा चौकोन अवघड नामांना, डोळ्यांचा अभिनय क्रियापदांना. रांग महिन्यातून एकदा, तीही जुन्या शब्दांची. पुसता फळा फक्त शुद्धलेखनासाठी, ऱ्हस्व-दीर्घ नजरेत बसवायला तो खरंच चांगला आहे, मी त्याच्याकडून भलतंच काम करून घेत होते. भेंड्या सहलीच्या बसमध्ये.

शब्द सहाच. मुलांनी दर आठवड्याला एक शब्द स्वतः आणायचा, कुठे वाचला ते सांगायचं आणि वर्गाने मत देऊन खोक्यात घ्यायचा की नाही ठरवायचं, हे नवीन. पहिल्याच दिवशी दूरबोटचा अर्ज आला. मत पडलं, घेतला.

११ सप्टेंबर

खोक्यात पहिल्या कप्प्यातून न हललेल्या चिठ्ठ्या मोजल्या, चार. सगळ्यात वर अर्थातच कणव, गेले पाच आठवडे, जो येईल तो आधी हसतो, मग काडी म्हणतो, मग जीभ चावतो.

आज रोल नंबर २७. तो उठला, हसला, थांबला. म्हणाला, "गेल्या महिन्यात पाठमोऱ्यात माझी जोडीदार आली नव्हती आणि मी एकटाच खुर्चीत बसलेलो तेव्हा तुम्ही माझ्या समोर येऊन बसलात ना. ती." मी चिठ्ठी दुसऱ्या कप्प्यात टाकली आणि हजेरी पुढे घेतली.